शिंगवाला घोडा

बस डेपोच्या मागे, टायरच्या गोदामाला लागून, नाणी मोजायची खोली होती. तिला खिडकी एकच, तीही छताजवळ, जाळीची. कंडक्टर आपापल्या पिशव्या आणून पत्रा ठोकलेल्या लांब टेबलावर ओतत, आणि त्या आवाजाने नव्या माणसाचे डोके उठे. टाकसाळरावांना मात्र त्या आवाजाशिवाय करमत नसे. सुट्टीच्या दिवशी घरात बसले की म्हणत, "कान रिकामे रिकामे वाटतात."

टाकसाळराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. आयुष्यभर सरकारी नाणी चिवडणाऱ्या माणसाला डेपोने बहाल केलेली ती पदवी होती. खरे नाव फक्त पगाराच्या दिवशी पुकारले जाई, आणि तेव्हा ते स्वतःच क्षणभर इकडेतिकडे पाहत.

काम सोपे, पण पाठ मोडणारे. ढिगातून एका जातीची नाणी वेगळी करायची आणि मोजणीच्या यंत्रात सोडायची. वाकलेली, खोटी, दुसऱ्या देशाची नाणी यंत्राच्या घशात अडकत, म्हणून ती आधीच हाताने बाजूला काढावी लागत. यंत्रावर एक जाडजूड, तोंडाळ बाई बसत. सगळे त्यांना मशीनबाई म्हणत. टाकसाळराव निवडत, मशीनबाई यंत्र फिरवत, आणि दोघांमध्ये दिवसभर शब्दांची देवाणघेवाण चाले.

निवडता निवडता टाकसाळरावांना वेड लागले ते चुकलेल्या नाण्यांचे. ठसा एका बाजूला घसरून चंद्रकोरीसारखा कोरा भाग राहिलेले नाणे. दुसऱ्याच नाण्याच्या लहान चकतीवर छापलेले नाणे. एक बाजू सरळ धरली तर दुसरी डोक्यावर उभी असणारे नाणे. असे काही सापडले की ते खिशातून त्याच किमतीचे नाणे काढून ढिगात टाकत आणि सापडलेले ठेवून घेत. साहेबांनी तशी परवानगी दिलेली होती. "हिशेब जुळला म्हणजे झालं," साहेब म्हणाले होते.

मशीनबाईंना याचे हसू येई. "चुकलेलं नाणंच ना ते? आमच्या घरात चुकलेली माणसं पडलीत, त्यांना कोण असं कापसात गुंडाळतं?"

"बाई, नुसतं चुकलेलं असून भागत नाही. कसं चुकलंय ते ओळखावं लागतं." मग ते नाणे उजेडाला तिरपे धरून दाखवत. "ही रेघ पाहा. रेघ आत खोल गेलेली असेल तर कुणीतरी खिळ्याने ओरखडलंय, त्याला काही अर्थ नाही. पण रेघ अशी वर उचललेली असेल तर छापायचा साचाच तडकलाय. भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर उमटतो."

"मग त्या साच्यातून निघालेल्या सगळ्याच नाण्यांवर उमटत असेल की."

"सगळ्यांवर. साचा बदलेपर्यंत."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कितीदा तरी सांगितले होते.

त्यांच्या सगळ्या चुकलेल्या नाण्यांत लाडके होते ते शिंगवाला घोडा. त्या वेळच्या एका नाण्यावर घोड्याचे डोके असे, मानेवर बारीक कोरलेली आयाळ. या एका नाण्यावर घोड्याच्या कपाळापासून थेट कडेपर्यंत एक उंच रेघ गेली होती. साच्याची भेग, पण अशी नेमक्या जागी की घोड्याला शिंग फुटल्यासारखे दिसावे. त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याने ते पाहिले आणि परत दिलेच नाही. पुढे मोठा झाला, वेल्डिंग शिकला, मिशा फुटल्या, तरी नाणे खिशात असेच. बोलताना, विचार करताना त्याचा अंगठा सारखा त्या घोड्यावर फिरे. फिरून फिरून आयाळ पार सपाट झाली, शिंग मात्र बोटाला लागत राहिले.

"झिजवलंस ना बिचाऱ्याला!" टाकसाळराव करवादत. "टक्कल पाडलंस."

"म्हातारा झालाय तो, बाबा. तुमच्यासारखा."

तसे दुसरे नाणे मिळावे म्हणून टाकसाळरावांनी पुढे वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून ढीग चाळले. घोडे लाखांनी हातांखालून गेले, शिंगवाला एकही नाही. हळूहळू त्यांच्या मनाने घेतले की साचा तडकताच कुणाच्या तरी लक्षात आले असणार, आणि ते एकच नाणे निसटले असणार. तसा पुरावा काही नव्हता. पण ज्याने लाखो नाणी पाहिली त्याला न दिसलेली गोष्ट जगातच नाही, असे त्याला वाटू लागते.

लग्नाला वर्षही झाले नव्हते तेव्हा मुलगा डोंगरातल्या बोगद्याच्या कामावर गेला. तिथे पगार दुप्पट होता. एका पावसाळ्यात डोंगराची कड सुटली आणि कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर आली. टाकसाळराव तिथे जाऊन आले. चिखलात अर्धे रुतलेले पलंग, बादल्या, कुणाचा तरी रेडिओ पाहून आले. बरीच माणसे सापडली, काही सापडलीच नाहीत. मुलगा न सापडलेल्यांत. मुकादम म्हणाला, तो आदल्या दिवशी गावात जायचं म्हणत होता. गेला की नाही, मी पाहिलं नाही. एवढेच. पण त्या एवढ्याशा वाक्यावर घरातली तीन माणसे पुढे कितीतरी वर्षे जगली.

टाकसाळरावांच्या पत्नीने तर त्या वाक्याला घट्टच धरून ठेवले. तो गावात गेला होता, डोक्याला मार बसला असेल, विसरला असेल, येईल. मग येईल म्हणणेही थांबले. त्या बहुतेक वेळ भिंतीकडे तोंड करून पडून असत. दोन घास खाल्ले तर खाल्ले. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करी, सकाळ-संध्याकाळ घरचे करी, सासूची वेणी घाली. तिच्या माहेरी कुणी उरले नव्हते.

त्या दुकानात एक टेम्पोवाला औषधांची खोकी पोचवायला येई. बायको गेलेली, एक लहान मुलगी. खोकी उतरवून तो थोडा वेळ रेंगाळे. मग एक दिवस त्याने सुनेला सरळच विचारले. सुनेने होही म्हटले नाही आणि नाहीही. ती घरी येऊन सासऱ्यांसमोर बसली.

"बाबा, कायद्याने आता अर्ज करता येतो. इतकी वर्षं बेपत्ता असला म्हणजे कोर्ट तसं जाहीर करतं. पण त्याच्या वडिलांचा जबाब लागतो."

टाकसाळरावांनी हातातले वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवले.

"मी त्याला विसरले असं समजू नका."

"तसं कोण म्हणतंय?"

"आई म्हणतात. तोंडाने नाही. भिंतीकडे वळून म्हणतात."

टाकसाळरावांनी तिच्याकडे पाहिले. लग्न होऊन आली तेव्हा खळखळून हसणारी पोर. आता कपाळावर दोन उभ्या आठ्या कायमच्या बसल्या होत्या. "कर अर्ज," ते म्हणाले. "मी येतो जबाबाला. तू तुझं आयुष्य बघ, मुली."

तारीख पडली. टेम्पोवाल्याची दुसऱ्या शहरातल्या गोदामावर बदली झाली होती. त्याने तिथे दोन खोल्या बघून ठेवल्या. टाकसाळरावांनी साहेबांकडून कोर्टाच्या दिवसाची रजाही मागून घेतली.

आणि त्याच आठवड्यात, एका दुपारी, निवडता निवडता त्यांचा हात थबकला.

बोटाला शिंग लागले होते.

त्यांनी नाणे उजेडाला धरले. भिंग लावले. कपाळापासून कडेपर्यंत, तीच रेघ, मध्ये तेच बारीक वाकण. मशीनबाईंनी यंत्र बंद केले. "काय झालं हो? घाम का फुटला? पाणी देऊ का?"

"त्याचं आहे," ते म्हणाले. "माझ्या पोराचं आहे हे."

कुठल्या बसची पिशवी होती, हे पाहायला ते धावले. स्टेशनकडून येणारी बस. कंडक्टरला धरून विचारले. तो तरी काय सांगणार? "मामा, दिवसाला हजार माणसं चढतात. तोंडं पाहू की तिकिटं फाडू?"

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पहिल्या क्षणीच, भिंगातून पाहताना, टाकसाळरावांना आयाळ दिसली होती. एकेक केस सुटा, धारदार. टाकसाळीतून कालच निघाल्यासारखी. त्यांनी ती पाहिली, आणि त्यांचे डोळे तिच्यावरून पुढे सरकले, रस्त्यात नकोसा माणूस दिसल्यावर आपण पलीकडच्या बाजूला जातो तसे. घरी जाताना मनात उत्तरही तयार झाले. आपल्यालाच नीट आठवत नसेल. एवढं काही झिजलं नव्हतं ते.

घरी गेल्यावर त्यांनी नाणे पत्नीच्या तळहातावर ठेवले. "अगं, बघ. ढिगात आलंय. शिंगवाला. त्याने कुठेतरी दिलंय म्हणजे तो आहे. याच शहरात आहे."

पत्नीने अंगठ्याने नाणे चाचपले. बराच वेळ. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिले, मग पुन्हा नाण्याकडे. आणि पदर सावरून उठून बसल्या. "असं म्हणता?" त्या म्हणाल्या. "मग त्याची खोली झाडायला हवी."

सून दारात उभी होती. तिच्या हातातली पिशवी अजून खाली ठेवलेली नव्हती. "बाबा, तेच आहे? नक्की?"

"तेच."

"दुसरं नसेल असं?"

टाकसाळरावांनी आयुष्यात नाण्याबद्दल कधी खोटे सांगितले नव्हते. त्या दिवशीही आपण खोटे सांगतो आहोत असे त्यांना वाटले नाही. "एवढी वर्षं चाळतोय मी. एकच आहे जगात," ते म्हणाले.

अर्ज मागे घेतला गेला. टेम्पोवाला थोडे दिवस थांबला. मग दुकानात येऊन म्हणाला, "माझ्या पोरीला घर लागतं हो. शाळेची वेळ आलीय." सुनेने मान डोलावली. तो त्या शहरात गेला आणि पुढे उन्हाळ्यात त्याने लग्न केले, असे दुकानात कळले. सुनेने घरी ते सांगितलेही नाही. टाकसाळरावांना पुष्कळ दिवसांनी, बाहेरून कळले.

इकडे पत्नी हिंडू-फिरू लागल्या. स्वयंपाकघरात भांडी वाजू लागली. रोज संध्याकाळी त्या नवऱ्याला स्टेशनच्या बसथांब्यावर पाठवत, आणि टाकसाळराव तिथे बाकावर बसून उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे तोंड पाहत. घरी आले की त्या विचारत, "दिसला?" "आज नाही," ते म्हणत. "बरं," त्या म्हणत, आणि ताट वाढत.

थंडी संपता संपता शहरात सुट्ट्या नाण्यांची टंचाई झाली. भांडणे होऊ लागली, दुकानदार चिल्लर म्हणून गोळ्या हातावर ठेवू लागले. मग बँकेने तळघरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नाण्यांच्या पिशव्या बाहेर काढल्या. डेपोलाही सुट्ट्या पैशांसाठी त्यातल्या काही मिळाल्या. शिवण न उसवलेल्या, जाड कापडाच्या. टाकसाळरावांनी पहिली पिशवी कात्रीने कापली आणि टेबलावर ओतली. जुनी, पण कुणाचा हात न लागलेली नाणी. घोडेच घोडे. चकचकीत.

तिसऱ्या मुठीत शिंग लागले. चौथ्या मुठीत दोन.

ते टेबलाला धरून उभे राहिले. बाहेर कुठे तरी अशी एखादी पिशवी आधीच फुटली होती. तिच्यातलाच एक घोडा फिरत फिरत त्या दुपारी त्यांच्या हाताखाली आला होता. एवढा सरळ हिशेब. मशीनबाई टेबलाला वळसा घालून आल्या, त्यांनी एक नाणे उचलले, फिरवून पाहिले. या बाईंच्या तोंडाला कधी कुलूप लागलेले कुणी पाहिले नव्हते. त्या दिवशी लागले. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "घरी सांगा, दादा."

"सांगतो," टाकसाळराव म्हणाले.

पण त्यांनी सांगितले नाही. घरात शिरले तेव्हा पत्नी शेजारणीशी हसून बोलत होत्या. ते हसू मोडायला त्यांची जीभ उचलेना. उद्या सांगू. उद्याचे परवा झाले. आणि मग त्यांनी वेगळाच उद्योग आरंभला. रोज घरून खिसे भरून साधी नाणी नेत, आणि ढिगातले शिंगवाले घोडे वेचून त्यांच्या जागी टाकत. डेपोत येणारे तर वेचलेच, पण येता-जाता पानाच्या टपरीवर, दूधवाल्याकडे, फळांच्या गाडीवर थांबून सुटे मागत, तळहातावर पसरून बघत, शिंगवाला असेल तर ठेवून घेत. लोक म्हणत, म्हातारा सरकला. ज्या नाण्यासाठी अर्धे आयुष्य झुरले, त्याचा एकही नग शहरात राहू नये म्हणून हा माणूस आता जिवाचे रान करत होता. सापडलेले घोडे ते रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकत आणि डबा माळ्यावर जुन्या गाद्यांमागे सरकवून ठेवत. डबा जड होत चालला.

शहरातली सगळी नाणी एक माणूस वेचू शकेल, असे त्यांना खरेच वाटत होते का? त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण सून दिवसभर बसते ती गल्ल्यावर, तिच्या हातून त्यांच्या ढिगाइतकी नाही तरी पुष्कळ नाणी जातात, हे त्यांना रोज आठवे. आणि रोज ते तिकडे काणाडोळा करत.

दुकान अर्धा दिवस बंद असे त्या दुपारी ती घरी आली. टाकसाळराव जेवून उठत होते. पत्नी ताटे उचलत होत्या. सुनेने पर्स उघडली आणि टेबलावर नाणी मांडली. एकेक, सावकाश, ओळीने. सगळे शिंगवाले.

"पहिलं आलं ना, तेव्हा मी वेड्यासारखी दुकानाबाहेर धावले," ती म्हणाली. "गिऱ्हाईक कुठे गेलं ते बघायला. वाटलं, आत्ता इथे उभा होता तो, आणि मी खाली मान घालून गोळ्या मोजत बसले. त्या दिवशी मला ताप भरला. दुसरं आलं तेव्हा मी बसून राहिले. तिसऱ्यानंतर मी ठेवायला लागले."

टाकसाळरावांनी ओळीतले एक नाणे उचलले आणि परत ठेवले.

"तुम्हाला माहीत होतं का, बाबा?"

"नंतर," ते म्हणाले. "नंतर कळलं. पिशव्या आल्या तेव्हा."

"पिशव्या कधी आल्या?"

त्यांनी सांगितले. तिने मनात काही मोजले. "तेव्हा तो एकटाच होता अजून," ती म्हणाली. कोण ते तिने सांगितले नाही. सांगायची गरजच नव्हती. "त्याचं लग्न झालं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशीच्या बसने गेले असते."

"तुझ्या सासूकडे बघून मी..."

"माझ्याकडे कोण बघणार होतं?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. टाकसाळराव खुर्चीत मागे टेकले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस ना? ते नाणं त्याचं नव्हतं. तसली ढिगाने आहेत. माझी चूक झाली."

पत्नी ताटे हातात घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी ती खाली ठेवली, खरकटे हात पदराला पुसले.

"मला काय सांगता?" त्या म्हणाल्या. "पोराने झिजवलेलं नाणं मी रोज धुवायच्या कपड्यांतून काढत होते. तुम्ही माझ्या हातावर ठेवलंत तेव्हाच अंगठ्याला कळलं, हे त्याचं नाही म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कसे आला होता त्या दिवशी! उजेड पडला होता तोंडावर. वाटलं, यांना नाही म्हटलं तर हे कोसळतील." त्या थांबल्या. "तुमच्यासाठी उठले मी. रोज तुम्हाला त्या थांब्यावर पाठवत होते ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

टाकसाळरावांच्या डोळ्यांपुढे तो बसथांबा आला. थंडीत, वाऱ्यात, डासांत, त्या बाकावर बसून काढलेल्या सगळ्या संध्याकाळी. ते बायकोसाठी बसत होते. बायको त्यांच्यासाठी पाठवत होती. आणि दोघांनी मिळून एका तिसऱ्याच माणसाचे आयुष्य खर्चून टाकले होते, जिचे ते होते तिला न विचारता.

सून आळीपाळीने दोघांकडे पाहत होती. "म्हणजे मी एकटीच वाट बघत होते," ती म्हणाली. "या घरात खरंच वाट बघणारी मी एकटीच."

सासू पुढे झाल्या, तिच्या खांद्याला हात लावायला. सून बाजूला सरकली. रागाने नव्हे, गर्दीत अनोळखी माणसाला वाट द्यावी तशी. ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कपडे भरल्याचा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर औषधांच्या खोक्यांशेजारी एक खोली रिकामी होती, तिथे राहायचे तिने आधीच ठरवले होते. मालकाशी बोलणेही झाले होते. निघताना ती दारात थांबली.

"अर्ज पुन्हा करणार आहे मी. लग्नासाठी नाही. कुणाशी करायचं आता? पण मी कोण आहे, हे मला कागदावर तरी कळू दे. जबाबाला याल ना?"

"येईन," टाकसाळराव म्हणाले.

"काय सांगाल?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि बायकोकडे पाहिले. इतकी वर्षे कुणीच तो शब्द घरात उच्चारला नव्हता. पत्नी भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते टाकसाळरावांना कळले नाही.

"माझा मुलगा त्या डोंगराखाली मेला," टाकसाळराव म्हणाले. "असं सांगेन."

सुनेने पिशवी उचलली. जिन्यावरून उतरणारी तिची पावले दोघे ऐकत राहिले. मग पत्नी खाली बसल्या आणि मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडू लागल्या. टाकसाळराव त्यांच्याजवळ गेले नाहीत. त्यांना जाता येईना.